नायट्रो गाडीचा क्लच सारखा जळतोय: बेल निळी, बेअरिंग खलास. नेमकं काय बघू?

धुरकट (पुणे)

मंडळी, इथे आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) गाड्या पळवणारे बरेच जण दडून बसलेत हे माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो.

वापरलेली १/८ (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची) बग्गी घेतली आहे. ३.५ सीसीचं इंजिन (०.२१ घन इंच, म्हणजे आपलं 'एकवीस'), तीन शूंचा (बाहेर फेकल्या जाऊन पकडणाऱ्या तुकड्यांचा) ॲल्युमिनियम क्लच, शू आत धरणाऱ्या १.० मिमी तारेच्या स्प्रिंगा, १३ दातांची बेल (शूंभोवतीचा दातेरी ड्रम), २५ टक्के नायट्रोचं इंधन, टाकी नेहमीची १२५ सीसीची.

पहिली अर्धी टाकी गाडी मस्त पळते. मग गरम झाली की थ्रॉटल दाबल्यावर इंजिन किंचाळतं आणि गाडी मात्र विचार करून निघते. त्याहून वैताग म्हणजे उभी केली की हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे थोडा ब्रेक लावूनच धरावी लागते. परवा क्लच उघडला तर बेल निळी-जांभळी, शू आरशासारख्या गुळगुळीत, आणि बेलमधल्या एका बेअरिंगच्या गोळ्या फ्लायव्हीलमागे (इंजिनाच्या दांड्यावरच्या जड चाकामागे) सांडलेल्या. इंजिनाच्या हेडचं तापमान १३५ अंशांपर्यंत जातंय.

मैदानावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो क्लच बदल, दुसरा म्हणतो इंजिन लीन आहे (इंधन कमी, हवा जास्त), क्लचला हात लावू नकोस. मला स्वतःला शूंचा मालच हलका वाटतो. कार्बनच्या शू मागवायच्या विचारात आहे, पण बाहेरून मागवायच्या म्हणजे कस्टम आणि कुरिअर धरून खिसा कापला जातो. मागवण्याआधी अनुभवी लोकांचं ऐकावं म्हटलं.

सहज_डोकावले

विषय शून्य कळला, तरी बसतो. चहा घेऊन आलोय.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

धुरकटराव, पैसे खर्चायच्या आधी जरा डोळ्यानं बघा. मी लेथवर काम करणारा माणूस, मला शूंचा फोटो पाहिजे. शू टोकाला झिजल्यात का पिनेकडं, का सगळीकडनं सारख्या? बेलच्या आतला पट्टा पूर्ण गोल निळा आहे का एकाच अंगाला? एकाच अंगाला असंल तर बेल हेलकावतीय. पोलाद निळं पडाय तीनशे अंशांच्या आसपास जावं लागतंय, म्हणजे तुमच्या हेडच्या दुपटीहून जास्त. एवढी उष्णता इंजिनातनं क्लचात येत न्हाई, ती तिथंच घासून तयार झालीया.

आणि एक करा. इंजिन बंद, फ्लायव्हील बोटानं धरा, गाडीचं चाक उचलून बेल हातानं फिरवा. लोण्यासारखी फिरली पाहिजे. मग बेल पुढं-मागं ओढून बघा, किती हलतीया? नखाच्या जाडीएवढं तरी हललं पाहिजे. अजिबात हलत नसंल तर तुमचं बेअरिंग कशानं मेलं ते मी इथनंच सांगतो.

ठेचा_भाकर (नागपूर)

भाऊ, १३५ अंश वाचल्यावर बाकी वाचायचीच गरज नाही. गाडी लीन चालू आहे. हाय स्पीड नीडल (कार्ब्युरेटरवरचा, वरच्या वेगाचं इंधन ठरवणारा स्क्रू) अष्टमांश फेरा उघडा, मागून धुराची रेघ दिसली पाहिजे, मग बोला. आमच्याकडे मे महिन्यात ४५ असते, सकाळी सातला गाडी काढली तरी नीडल थोडी उघडावीच लागते. तापमापक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन ते पाच सेकंदांत उडाला तर ठीक, पडताक्षणी चर्र करून गेला तर इंजिन बंद करा आणि गुपचूप सावलीत बसा. क्लचचं नंतर पाहू.

वाळूतली_पावलं (दुबई)

ठेचादादा, अर्धं मान्य. ४५ आमच्याकडेही असतं, म्हणून आम्ही सूर्य मावळल्यावरच पळवतो. पण हेडचं तापमान आणि बेलचं तापमान ही दोन वेगळी माणसं आहेत, एकाची चौकशी करून दुसऱ्याला सोडता येत नाही. माझ्या गाडीचं हेड ११० वर गुण्यागोविंदाने नांदत होतं आणि बेल जळत होती.

शिवाय धुरकट, मोजता कशाने? ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेडची बंदूक असेल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खरं सांगत नाही, कमी दाखवते. हेडवर ग्लो प्लगच्या शेजारी काळ्या मार्करने ठिपका काढून तिथे नेम धरा. बेललाही बाहेरून एक ठिपका. गाडी थांबल्याबरोबर दोन्ही मोजा, कारण बेल फार लवकर निवते.

सहज_डोकावले

एक बाळबोध प्रश्न. नायट्रो म्हणजे रेसच्या गाड्यांत ते निळं नळकांडं असतं, बटण दाबलं की गाडी उडते, ते का?

वाळूतली_पावलं (दुबई)

नाही हो, तो नायट्रस ऑक्साइड वायू. हे नायट्रोमिथेन, द्रव असतं. आमचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात १६ ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल, एरंडाचं किंवा कृत्रिम. टू-स्ट्रोक असल्यामुळे वेगळं ऑइल नाही, जे आहे ते इंधनातूनच जातं. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७ च्या आसपास. तेवढ्याच हवेत जास्त इंधन कोंबता येतं, म्हणून एवढ्याशा इंजिनात इतकी ताकद.

आणि या इंजिनाला पाणी-रेडिएटर काही नाही. गार ठेवायला बाहेरून वारा आणि आतून मिथेनॉलची वाफ. वाफ होताना मिथेनॉल पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषतं. म्हणून लीन केलं की दुहेरी मार: वंगणही कमी आणि गारवाही कमी.

पेन्शनर_काका (सातारा)

वा! म्हणजे क्लच आपोआप धरणारा, सेंट्रिफ्यूगल. आमच्या लूनाला हाच होता! १९७२ साली लूना आली तेव्हा 'गिअर नाही, क्लचची दांडी नाही, मग चालते कशी' म्हणून लोक वाकून वाकून बघत. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकल्या जातात, ड्रमला घासून धरतात, गाडी निघते. चढाला डबलसीट घेतलं की घसरायचा, जळका वास यायचा, आणि मागे बसलेल्याने उतरून ढकलायची. मेकॅनिक शूंवर पॉलिश पेपर मारून द्यायचा, पंधरा दिवस बरं जायचं. तुमच्याही शू गुळगुळीत झाल्यात म्हणता, पेपर मारून बघितला का?

बॅटरीवाला (ठाणे)

ब्रशलेस मोटर, लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. क्लच नाही, धूर नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. चार्ज करा, पळवा, घरी या. धागा बंद करायला हरकत नाही.

ठेचा_भाकर (नागपूर)

आले. मी वाटच पाहत होतो. भाऊ, त्यात आवाज कुठे आहे? पंखा पळवल्यासारखं वाटते.

मास्तर_ऑफलाईन (औरंगाबाद)

थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट होईल.

शू बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. फेरे दुप्पट, तर बल चौपट. म्हणून आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) 'थोडासाच' वाढवला असं म्हणण्यात अर्थ नसतो. स्प्रिंग जेमतेम धरून ठेवत असेल तिथे थोडासा वाढही शू बेलला टेकवायला पुरतो.

आता उष्णता. गाडी थांबलेली आहे, इंजिन साधारण एका वेगाला धरून क्लचने ती उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते जवळपास तेवढीच क्लचमध्ये उष्णता होते. गाडी साडेतीन किलो, क्लच पूर्ण धरेपर्यंत वेग सेकंदाला ५ मीटर धरू. उत्तर ४४ जूल. बेल ३० ग्रॅम पोलादाची धरली तर तिला एक अंश तापायला सुमारे १४ जूल लागतात. म्हणजे एका उचलीला बेल तीनेक अंश तापली. मधे वारा लागून निवते. यात बेल निळी होत नाही.

आता धुरकट लिहितात की उभी गाडी सरकते म्हणून ब्रेक लावून धरतो. बेल ब्रेकने थांबलेली, आत शू घासत फिरताहेत. फेरे मिनिटाला दहा हजार धरा आणि घर्षण अगदी किरकोळ, ०.०१ न्यूटन-मीटर. म्हणजे केंद्रापासून एक सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमची ओढ. त्याची शक्ती होते सुमारे १० वॅट. आणि १० वॅट त्या ३० ग्रॅमला सेकंदाला पाऊण अंश तापवतात. एक मिनिट उभे राहून गप्पा मारल्या की ४५ अंश. गाडी उभी, त्यामुळे वाराही नाही.

थोडक्यात, बेल पळताना कमी आणि उभी असताना जास्त भाजली जात असावी.

सहज_डोकावले

सर, हे परीक्षेला आहे का?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

मास्तर, हिशोब झकास. पण ते ०.०१ कुठनं आणलं? घर्षण त्याच्या निम्मं असंल तर तुमची सगळी गोष्ट निम्मी.

मास्तर_ऑफलाईन (औरंगाबाद)

निम्मी झाली तरी मिनिटाला २०-२२ अंश उरतातच, आणि दुप्पटही असू शकेल. मोजायचं तर गाडी तुमच्यासारख्याच्या टेबलावर यायला हवी. पण तुमचा मुद्दा रास्त, मी फक्त प्रमाण दाखवत होतो.

कोकणी_बाणा (रत्नागिरी)

मी आरसीवाला नाही, बागवाला. पण हे वाचून गप्प राहवेना. आमच्या ग्रासकटरला हाच क्लच असतो. कलमांखालचं गवत काढताना गडी मशीन चालू ठेवूनच सावलीत टेकतात. इंजिन बंद पडून परत दोरी ओढायला लागू नये म्हणून आयडलचा स्क्रू आवळून ठेवलेला. मग पातं आपलं फिरतंय मंद मंद. गवतात अडकलं की पातं थांबतं आणि आत शू घासत राहतात. ड्रम निळा, स्प्रिंग ढिली, वर मशीन आणलेल्या दुकानदाराला शिव्या. मी आता आयडल असा ठेवायला लावतो की हात सोडला की पातं थांबलंच पाहिजे. मशीन बंद पडलं तर ओढ रे दोरी, व्यायाम होतो.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

बाणादादा, स्प्रिंग ढिली म्हणालात ना, लाखाचं बोललात. सगळ्यात वाईट तेच. बेल तापली की स्प्रिंगाही तापत्यात, त्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पाणी उतरलेली स्प्रिंग आधीपेक्षा कमी फेऱ्यांत शू सोडती, शू आणखी लवकर टेकती, आणखी तापती. एकदा हे चक्र चालू झालं की नव्या शू घालून काय उपेग न्हाई, जुन्या स्प्रिंगा त्याबी खाणार. धुरकटराव, स्प्रिंगांवर १.० लिहिलंय म्हणून ती १.० ची राहिली असं समजू नका.

राईनकाठ (कोलोन, जर्मनी)

स्प्रिंगच्याच गोष्टी चालल्यात तर: मी इथे १.१ वापरतो आणि समाधानी आहे. क्लच उशिरा धरतो, उभ्या गाडीत शू अजिबात टेकत नाहीत. निघताना थोडा झटका बसतो, पण मातीच्या ट्रॅकवर चालतं. धुरकट, तुम्ही सरळ १.१ घाला.

ठेचा_भाकर (नागपूर)

राईनभाऊ, १.१ ने उभ्या गाडीचं दुखणं जाईल, पण उशिरा धरणाऱ्या क्लचमध्ये निघताना इंजिन आणि बेलच्या वेगातला फरक जास्त असते. मास्तरांच्या त्या ४४ जूलचे मग किती होतील? आमच्या मैदानावर डांबर आहे, पकड भरपूर, तिथे १.१ ने शू सोलून निघतात. मी तर एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो, आधी बेल १२ दातांची करा. गिअरिंग उंच असलं की इंजिन आणि क्लच दोघंही रडतात.

राईनकाठ (कोलोन, जर्मनी)

फरक जास्त असतो हे खरं, पण शू दाबली जाण्याचं बलही जास्त असतं, त्यामुळे घसरण्याचा काळ कमी होतो. माझ्या शू तरी टिकतात. डांबरावर मी पळवलेली नाही, तिथलं तुम्हीच जाणता.

अवांतर: २५ टक्के नायट्रो वाचून हेवा वाटला. युरोपियन संघात २०२१ पासून स्फोटकांच्या कच्च्या मालाच्या नियमात नायट्रोमिथेनची मर्यादा खाली आली, सामान्य माणसाला १६ टक्क्यांपर्यंतच मिळतं. सोळावर इंजिन जरा वेगळ्या नीडलवर चालतं, पण तापतं कमी आणि पैसेही वाचतात. आधी सगळ्यांनी आरडाओरडा केला, आता कुणाला आठवतही नाही.

चिमणी७ (नाशिक)

अवांतरात माझंही. इंधन मिळतं कुठे? ऑनलाइन दुकानं म्हणतात विमानाने पाठवता येत नाही, ज्वलनशील आहे. एकाने सांगितलं मिथेनॉल आणून घरीच मिसळ. करावं का?

पेन्शनर_काका (सातारा)

बाळा, करू नकोस. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. तेव्हापासून कुणी कॅनमधून मिथेनॉल न्यायला लागला की लोक आधी त्याच्याकडे संशयाने बघतात आणि ते बरोबरच आहे.

वाळूतली_पावलं (दुबई)

चिमणी, काकांचं ऐक. प्यायलाच हवं असंही नाही, मिथेनॉल कातडीतून आणि वाफेतूनही शरीरात जातं. पेटलं तर भर उन्हात ज्वाळा दिसत नाही. त्यात तेलाचं प्रमाण चुकलं तर इंजिन एका टाकीत आडवं. तयार कॅन रस्त्याने पाठवणारा विक्रेता शोध, चार जण मिळून मागवा. आणि झाकण घट्ट लाव, मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. आपल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली कॅन नीडल कितीही फिरवली तरी ताळ्यावर येत नाही.

संपादक मंडळ

इंधन घरी मिसळण्याच्या कृती कृपया देऊ नयेत, असे प्रतिसाद उडवले जातील. मूळ विषयावर यावे.

बॅटरीवाला (ठाणे)

पुन्हा एकदा नम्रपणे: बॅटरीला झाकण लावावं लागत नाही.

वाळूतली_पावलं (दुबई)

पण लिपो फुगली की ती वाळूच्या बादलीत ठेवून रात्रभर जागता ना तुम्ही? राहू दे. 🙂

धुरकट (पुणे)

सगळ्यांचे आभार. धागा मधे कोलोनपर्यंत जाऊन आला, पण सांगितलेलं सगळं करून पाहिलं.

उद्यमनगरी, तुमचं भाकीत खरं. बेल पुढे-मागे अजिबात हलत नाही. आधीच्या मालकाने बेअरिंगच्या बाहेर एक जास्तीची शिम (पातळ चकती) घालून स्क्रू आवळलेला होता. निळा पट्टा पूर्ण गोल आहे. शू पिनेपासून लांबच्या टोकाला थोड्या जास्त झिजल्यात. त्यावर काळा चिकट थर आहे, नखाने खरवडला की निघतो, वास एरंडेलाचा. फ्लायव्हीलच्या मागेही तेलाचा ओलावा आहे.

वाळूतली_पावलं, काळे ठिपके काढले. उभी गाडी ब्रेक लावून धरल्यावर बेल माझ्या डोळ्यांदेखत चढत गेली आणि हेडला मागे टाकून पुढे गेली. मास्तर, तुमचं ०.०१ कमी पडलं असं वाटतंय.

कार्ब्युरेटरचा गाळा (हवा आत जायची फट) बघितला तर थ्रॉटल पूर्ण सोडूनही सुमारे २ मिमी उघडा राहतो. कमी केला की इंजिन घुरघुरत बंद पडतं. मग आयडल उतरवायचा कसा?

ठेचा_भाकर (नागपूर)

बंद पडतं म्हणजे कुठून तरी हवा ओढत असेल. कार्ब्युरेटरच्या मानेची रिंग नाहीतर बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण). इंजिन उतरवा, एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर बंद करा, नळीने फुंका आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ठेचादादा, हवा ओढणारं इंजिन मधेच बोंबलतंय, फेरे वर टांगून राहत्यात. घुरघुरत मरतंय म्हणजे तळाला जास्त पाजताय. धुरकटराव, इंजिन गरम असताना आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांत फेरे जरा चढून बंद झालं तर बरोबर. लई वेळ चालत राहिलं, फेरे चढत चढत गेले, तर लो स्पीड नीडल (तळाच्या वेगाचं इंधन ठरवणारी) रिच, म्हणजे इंधन जास्त.

धुरकट (पुणे)

दोन्ही केलं. पाण्यात बुडबुडा फक्त पुढच्या बेअरिंगकडून, तोही बारीक. बाकी कोरडं. नळी दाबल्यावर इंजिन निवांत सात-आठ सेकंद चालतं.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

मग झालं. आधीच्या मालकानं तळ रिच ठेवला, इंजिन बंद पडाय लागलं म्हणून गाळा उघडला, गाळा उघडल्यावर क्लच टेकाय लागला. आणि वरची नीडल लीन, म्हणून तुमचं हेड १३५. ठेचादादा तिथं बरोबर होते.

आता क्रमानं करा. पहिल्यांदा हाय स्पीड नीडल, धूर दिसंपर्यंत उघडा, हेड १०० ते १२५ मधे येऊ द्या. मग लो स्पीड अष्टमांश अष्टमांश फेरा आवळा, दरवेळी नळी दाबून बघा. शेवटी गाळा एक मिलिमीटरच्या आत आणा. उलट्या क्रमानं केलं की दिवस जातोय आणि हातात काय लागत न्हाई.

क्लच: जास्तीची शिम काढा. शू आणि बेलची आतली बाजू ३२० च्या पेपरनं मारा, चमक गेली पाहिजे, जास्त मटेरियल नको. ब्रेक क्लीनरनं धुवा, पण बेअरिंग बाजूला काढून, न्हाईतर त्यातलं वंगणबी धुऊन जाईल. स्प्रिंगा नव्या, १.० च्याच. इंजिनाचं पुढचं बेअरिंग आज ना उद्या बदलायचंच हाय. तिथनं थोडं तेल येणं चालतंय, पण शूंवर थर बसण्याइतकं न्हाई. जोडताना बेलचा दात आणि स्पर (बेलनं फिरणारं मोठं दातेरी चाक) यांच्यामधे वहीच्या कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधली फट) धरा, पट्टी दातांची नक्षी उमटून निघाली पाहिजे, फाटून न्हाई.

राईनकाठ (कोलोन, जर्मनी)

शू कोणत्या दिशेने बसवल्या आहेत ते राहिलंच. टोकाला झिजल्यात म्हणजे उलट्या असाव्यात.

मास्तर_ऑफलाईन (औरंगाबाद)

दिशेचं नीट सांगतो. फिरण्याच्या दिशेने पिन पुढे आणि शू तिच्या मागे ओढली जात असेल, तर बेलचं घर्षण शूला आत ढकलतं. पकड सौम्य. पिन मागे आणि शू पुढे ढकलली जात असेल, तर तेच घर्षण शूला बेलवर आणखी दाबतं. पकड जोरदार, पण टेकली की सुटायला नाखूश. ज्याची गाडी उभी राहत नाही त्याने शू पहिल्या पद्धतीनेच लावाव्यात असं माझं मत.

राईनकाठ (कोलोन, जर्मनी)

आणि माझं मत दुसऱ्या पद्धतीचं, कडक स्प्रिंगेसोबत. शू सुटवण्याचं काम स्प्रिंगचं आहे.

ठेचा_भाकर (नागपूर)

हे दोघं आता मुक्कामी राहणार. आम्ही तोवर जेवून येतो.

धुरकट (पुणे)

शू ओढल्या जाणाऱ्याच होत्या, उलट्या नव्हत्या. तशाच ठेवल्या.

रविवारी सकाळी गाडी काढली. शिम काढली, शू-बेल घासली, नव्या १.० च्या स्प्रिंगा, नीडल उद्यमनगरींच्या क्रमाने. गाडी हात सोडून जागेवर उभी राहते आहे, चाकं उचलली की किंचित फिरतात पण बोट लावलं की थांबतात. हेड ११२ ते ११८. उभ्या गाडीत बेल आता हेडच्या खालीच राहते. टाकी संपेपर्यंत पळवली, पण तिसऱ्या टाकीला निघताना परत जरा किंचाळली. उघडून पाहिलं तर एका शूवर पुन्हा तेल. म्हणजे इंजिनाचं पुढचं बेअरिंग मागवणं आलंच. कार्बनच्या शूंचे पैसे तिकडे वळवतो.

आत्ता बेलची बेअरिंगं मात्र लगेच हवीत, एकावरच चालवली आहे. आरसीच्या दुकानात संपलीत. दुसरीकडे कुठे मिळतील?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

एकावर चालवू नका, बेल तिरकी होऊन नव्या घासलेल्या शू खाईल. आरसीचं दुकान कशाला? कुठल्याबी बेअरिंगच्या दुकानात जा. ५ मिमी भोक, १० बाहेरचा व्यास, ४ जाडी, नंबर एमआर १०५. मागं झेडझेड असलेलं मागा, ते पत्र्याच्या झाकणाचं. २आरएस देतील तर घेऊ नका, त्याची रबराची सील तुमच्या क्लचात वितळंल. जोडीनं बदला, आणि जपानी-युरोपी कंपनीचं असंल तर बघा, दर जास्त पडंल पण गोळ्या फ्लायव्हीलमागं शोधाव्या लागणार न्हाईत.

चिमणी७ (नाशिक)

हाच नंबर १/१० गाडीला चालेल का?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

बऱ्याच गाड्यांना हेच, पण काहींना ५ बाय ८ असतंय. जुनं काढून व्हर्नियरनं मोज, मगच दुकानात जा.

धुरकट (पुणे)

मिळाली, एमआर १०५ झेडझेड, चार घेऊन ठेवली. काउंटरवरचे काका विचारत होते कुठल्या पंपाची आहेत. गाडीची म्हटल्यावर त्यांनी गाडी कुठे लावलीय म्हणून दाराबाहेर वाकून पाहिलं.

बॅटरीवाला (ठाणे)

माझ्या गाडीलाही बेअरिंगं लागतात हे आज पहिल्यांदाच कबूल करतो. ५ बाय १० बाय ४ चीच. दुकानाचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.